स्पॅनिशमधले ‘पेक्षा’ आणि ‘उद्या’

आमच्या मातोश्रींनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. व्याकरणाचे पुस्तक त्यांनी जन्मात उघडलेले नाही. आमच्या कपाटावरची धूळ झटकताना त्या ग्रंथांशी जेवढा परिचय झाला असेल तेवढाच. तथापि क्रियापदाचा काळ ओळखण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका तिखट कान आमच्या घरात दुसऱ्या कोणाचा नाही, याचा प्रत्यय आम्हांस नुकताच आला. आमच्या धाकट्या भावाची मुलगी नोकरीच्या निमित्ताने स्पेनमधील सेव्हिल या शहरी गेली आहे. तिथून तिचा पहिला फोन आला तेव्हा ख्यालीखुशालीचे बोलणे झाल्यावर मातोश्रींनी विचारले, “दिवाळीला येणार ना ग?”

“येईन, आजी,” पुतणी म्हणाली.

फोन ठेवून मातोश्री स्वस्थ बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “म्हणजे काही येत नाही ती.” आम्ही त्यांची समजूत घालू लागलो, तर त्यांनी आम्हांसच गप्प केले. “अरे, यायचं असतं तर ‘येणार आहे’ म्हणाली असती. ‘येईन’ काय, कोणीही म्हणतं!”

मातोश्रींनी या दोन रूपांत जे अंतर ऐकले, नेमके तेच अंतर स्पॅनिश भाषाही पाळते. ते आम्हांस कसे उमगले हे सांगावयाचे तर थोडे मागे जावयास हवे.

आमच्या बडोद्याला स्पेनची ओळख तशी अलीकडची. २०२१ साली भारत सरकारने ५६ सी-२९५ विमानांचा करार केला. त्यांपैकी १६ सेव्हिलमध्ये तयार होऊन यावयाची आणि ४० बडोद्यात बांधावयाची असे ठरले. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी येथील कारखान्याच्या उद्घाटनास आपल्या पंतप्रधानांसमवेत स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ आले होते. आमच्या पुतणीची नोकरी निराळ्या क्षेत्रातली आहे, विमानांशी तिचा संबंध नाही. परंतु तिला सेव्हिलला जावयाचे आहे हे कळले तेव्हा आळीतल्या कोणी “ते कुठे आले?” असे विचारले नाही, याचे श्रेय त्या विमानांना दिले पाहिजे.

जाण्यापूर्वी तीन महिने तिने स्पॅनिशचा अभ्यास आरंभिला. पुस्तक इंग्रजीतून लिहिलेले. तिचे सारे शिक्षणही इंग्रजी माध्यमातून झालेले. मराठी ती बोलते, उत्तम बोलते. परंतु मराठीला व्याकरण असते यावर तिचा विश्वास नव्हता. एके दिवशी ते पुस्तक आमच्यापुढे टाकून ती म्हणाली, “काका, तुम्ही मराठीचे एम. ए. ना? मग मला हे समजावून द्या बघू.” आम्हांस स्पॅनिशचे अक्षरही ठाऊक नव्हते. पण ‘येत नाही’ असे म्हणणे हेडमास्तराच्या जिभेस सहसा साधत नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी ओसरीवरच्या झोपाळ्यावर आम्ही दोघे विद्यार्थी बसू लागलो.

पहिलीच अडचण शहराच्या नावाची. ज्याला आपण सेव्हिल म्हणतो त्यास तेथील लोक ‘सेबिया’ म्हणतात. लिहितात ‘व’ आणि उच्चारतात ‘ब’. पुतणीस त्याचे मोठे नवल वाटले. आम्ही म्हटले, ज्या गावाला मराठी माणूस बडोदे म्हणतो आणि गुजराती माणूस वडोदरा, त्या गावच्या मुलीने तरी याचे नवल करू नये. वाचकांनी पुढील स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत तसेच वाचावेत. ‘ख’ दिसेल तेथे तो घशातून, उर्दू बोलणारे काढतात तसा काढावा. याहून सूक्ष्म उच्चार कानानेच शिकावयाचे असतात.

आता तुलना. ‘माझी बहीण माझ्या भावापेक्षा उंच आहे’ या वाक्यात मराठी ‘उंच’ शब्दाला हातही लावीत नाही. सारा भार ती भावावर टाकते. त्याला ‘पेक्षा’ जोडले की तुलना झाली. स्पॅनिश याच्या उलट करते. भाऊ जसाच्या तसा राहतो आणि विशेषणाच्या आधी ‘मास’, म्हणजे अधिक, हा शब्द येतो: ‘मि एर्माना एस मास आल्ता के मि एर्मानो’. ‘एर्माना’ बहीण, ‘एस’ म्हणजे आहे, ‘मास आल्ता’ अधिक उंच, आणि ‘के’ हा तुलनेचा सांधा. कमीपणा दाखवावयाचा असेल तर ‘मास’च्या जागी ‘मेनोस’ ठेवावे. बाकी रचना तीच. गोव्यातील वाचकांच्या घरी पोर्तुगीज जाणणारे कोणी वडीलधारे असतील तर त्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल, कारण पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पोर्तुगिजांकडून ‘पाव’ आणि ‘चावी’ घेऊन बसलेल्या आपल्या भाषेला ते कुटुंब अगदीच परके नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बहिणीसाठी ‘आल्ता’ म्हटले. भावासाठी ‘आल्तो’ म्हणावे लागेल. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे फिरते. इंग्रजीतून येणाऱ्या विद्यार्थ्याची येथे हटकून चूक होते, कारण त्या भाषेत विशेषण खांबासारखे उभे असते. पुतणीचीही होत होती. आम्ही तिला विचारले, “तू ‘मोठा बहीण’ म्हणतेस का?” ती हसली, त्या दिवसापासून ती चूक बंद झाली. जे तिला जन्मापासून येत होते ते ती इंग्रजीच्या दारातून आत जाताना बाहेर ठेवून जात होती.

बरोबरीच्या तुलनेत तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट झाली. ‘भावाइतकी उंच’ याला ‘तान आल्ता कोमो सु एर्मानो’. विशेषणापूर्वी ‘तान’ हा शब्द न बदलता राहतो. परंतु नामापूर्वी त्याचा ‘तांतो’ होतो, आणि हा ‘तांतो’ लिंग व वचन यांप्रमाणे चालतो: तांतो, तांता, तांतोस, तांतास. इंग्रजी पुस्तकाने या चार रूपांचा तक्ता चौकटीत छापून तो पाठ करण्याची सूचना दिली होती, आणि पुतणी खरोखरच डोळे मिटून तो घोकीत होती. आम्ही म्हटले, “अग, तितका पैसा, तितकी साखर, तितके दिवस, तितक्या रात्री, हे तू कुठल्या तक्त्यावरून पाठ केलंस?” ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “काका, हे आमच्या शाळेत कोणी सांगितलंच नाही.” हे वाक्य आम्हांस सुखावून गेले आणि टोचूनही गेले, शाळा तिची असली तरी पेशा आमचा आहे. पुढे जुलैमध्ये सेव्हिलहून तिने कळविले: ‘आसे तांतो कालोर कोमो एन बडोदा.’ बडोद्यात असते तितकेच येथे उकडते. सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो हे आम्ही वाचले होते. परंतु त्या ‘तांतो’मुळे आम्हांस झालेला आनंद तपमानाच्या बातमीस शोभणारा नव्हता.

‘कोमो’ शब्दाचीही एक गंमत आहे. ‘कोमो’ म्हणजे ‘जसा’, ‘कोमो’ म्हणजे ‘कसा’, आणि ‘कोमेर’ म्हणजे खाणे या धातूचे ‘मी खातो’ हे रूपही ‘कोमो’. त्यामुळे ‘मी कसा खातो? जसा खातो तसा खातो’ हा संवाद पाच वेळा ‘कोमो’ म्हणून पुरा होतो. लिहिताना ‘कसा’वर आघाताची खूण देतात, म्हणून वाचणाऱ्याची सुटका होते.

काही विशेषणांना ‘मास’ लागत नाही. चांगल्याहून चांगले ते ‘मेखोर’, वाइटाहून वाईट ते ‘पेओर’, वयाने थोर तो ‘मायोर’, धाकटा तो ‘मेनोर’. यांतील पहिल्या तिहींचे मूळ लॅटिन शब्द ज्या प्रत्ययाने बनले, तो प्रत्यय संस्कृतातील ‘ईयस्’चा सहोदर आहे. ‘श्रेयस्’, ‘कनीयस्’ आणि शाळांच्या भिंतींवर ज्या सुभाषितामुळे कायमचा रंगविला गेला तो ‘गरीयसी’ हा शब्द, ही सारी त्याच कुळातली तुलनादर्शक रूपे. म्हणजे ‘मेखोर’ या शब्दाच्या शेवटी जो ‘ओर’ ऐकू येतो, तो आपल्या ‘श्रेयस्’मधील ‘यस्’चा हजारो वर्षांपूर्वी दुरावलेला भाऊ. स्पॅनिश मुले लहानपणी चुकून ‘मास मेखोर’ म्हणतात आणि आईबाप त्यांना सुधारतात. आपल्याकडे सभेत ‘श्रेष्ठतम’ म्हणणाऱ्या वक्त्याला कोणी सुधारीत नाही, उलट टाळ्या पडतात. असो.

‘मायोर’ आणि ‘मेनोर’ यांच्याविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. आपला ‘मोठा’ हा शब्द वयालाही चालतो आणि आकारालाही. स्पॅनिश माणूस आकारासाठी ‘मास ग्रान्दे’ म्हणणे पसंत करतो, भावंडांच्या वयासाठी ‘मायोर’. ‘एर्मानो मायोर’ याचे भाषांतर ‘मोठा भाऊ’ असे न करता ‘थोरला भाऊ’ असे करावे, म्हणजे घोटाळा राहत नाही. ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ हे शब्द आपल्या घरांतूनही मागे पडत चालले आहेत. ते पुतणीला आम्ही स्पॅनिशसाठी पुन्हा शिकविले.

‘सर्वांत’ हा अर्थ स्पॅनिशमध्ये निराळ्या शब्दाने येत नाही. ‘मास’च्या आधी नामाचे उपपद ठेवले की काम झाले: ‘मास आल्ता’ अधिक उंच, ‘ला मास आल्ता’ सर्वांत उंच. आपल्या भाषेत उपपद नाही, त्यामुळे हा लहानसा ‘ला’ मराठी कानातून निसटतो. त्यापुढे ‘वर्गात’ म्हणावयाचे तर इंग्रजीतून आलेला विद्यार्थी ‘आत’ या अर्थाचा ‘एन’ वापरतो आणि चुकतो. तेथे ‘चा-ची-चे’ या अर्थाचा ‘दे’ हवा. मराठी माणसाने ‘वर्गातली सर्वांत उंच’ असे मनाशी म्हणावे. त्या ‘वर्गातली’मधील ‘ली’ त्याला ‘दे’पर्यंत आणून सोडील. सेव्हिलचे जुने प्रधान चर्च गॉथिक शैलीतील जगातले सर्वांत मोठे आहे; त्याला ‘ला कातेद्राल गोतिका मास ग्रान्दे देल मुन्दो’ म्हणतात. ‘देल मुन्दो’, म्हणजे जगातले. त्या शहरातून वाहणाऱ्या नदीचे नाव ग्वादालकिविर. हे अरबी ‘वादी अल् कबीर’ याचे रूपांतर, अर्थ ‘थोर नदी’. आपल्या कबीराचे नाव स्पेनच्या नदीत असे वाहते आहे.

केवळ आतिशय्य दाखविण्यासाठी ‘ईसिमो’ हा प्रत्यय आहे. ‘कारो’ महाग, ‘कारीसिमो’ फारच महाग. यात तुलना नाही, उद्गार आहे. ‘मोठा’ म्हणताना आपण ‘मोठ्ठा’ म्हणतो, तसेच ते.

मराठीने सर्वत्र साथ दिली असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ‘माझ्यापेक्षा’ या सवयीने पुतणी ‘के मि’ म्हणू लागली. स्पॅनिशमध्ये ‘के यो’, म्हणजे शब्दशः ‘पेक्षा मी’, असे म्हणावे लागते. आणि दुसरी चूक तर तिला खिशातून भोगावी लागली. संख्या आली की ‘मास’नंतर ‘के’ न ठेवता ‘दे’ ठेवतात: विसांहून अधिक म्हणजे ‘मास दे बेइन्ते’. आपल्या ‘पेक्षा’ला असा भेद माहीत नाही. त्यातच ‘नो … मास के’ या रचनेचा अर्थ मराठीतील ‘च’ असा होतो. सेव्हिलमध्ये खोली पाहावयास गेली असता, ३०० युरोंहून अधिक भाडे देणार नाही, एवढे सांगून पुढे घासाघीस करावी असा तिचा बेत होता. तिने ‘मास दे’च्या जागी ‘मास के’ म्हटले. घरमालकीणबाईंना ऐकू आले, ‘मी तीनशेच देते.’ त्यांनी आनंदाने तीनशेला मान डोलावली आणि किल्ली हातात ठेवली. खोली चांगली आहे असे पुतणी म्हणते. ‘दे’ आणि ‘के’ यांतील फरक ती आता जन्मभर विसरणार नाही.

आता भविष्याकडे वळू, कारण मातोश्रींचा प्रश्न तेथे आहे.

ठरलेली, जवळची गोष्ट सांगताना मराठी माणूस वर्तमानकाळच वापरतो: ‘उद्या पोहोचते.’ स्पॅनिशही तेच करते: ‘मान्याना येगो.’ ‘मान्याना’ या शब्दाचा अर्थ उद्या आणि सकाळही. त्यामुळे ‘उद्या सकाळी’ म्हणताना तो दोनदा येतो. येत्या आठवड्याला ते ‘जो आठवडा येतो आहे तो’ असे म्हणतात, आणि हा ‘येता’ आपल्याला सांगावा लागत नाही.

मनात पक्का झालेला बेत सांगावयाचा असेल तर ‘इर’, म्हणजे जाणे, हा धातू चालवून त्यापुढे ‘आ’ आणि मूळ क्रियापद ठेवतात. बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. ‘बोय आ एस्तुदियार’ म्हणजे शब्दशः ‘अभ्यास करायला जाते’, पण खरा अर्थ ‘अभ्यास करणार आहे’. बडोद्याच्या वाचकांनी गुजरातीतील ‘जवानो छुं’ आठवावे. आभाळ भरून आले आणि वारा सुटला की आपण ‘पाऊस येणार’ म्हणतो. स्पॅनिश माणूस ‘बा आ योबेर’ म्हणतो.

आणि तिसरे रूप निव्वळ भविष्यकाळाचे. ते बनविण्यास फार सोपे आहे. मूळ क्रियापद न मोडता त्यापुढे प्रत्यय लावावयाचे: आब्लार म्हणजे बोलणे, ‘आब्लारे’ बोलेन, कोमेर खाणे, ‘कोमेरे’ खाईन, बिबिर राहणे, ‘बिबिरे’ राहीन. तिन्ही गणांना प्रत्यय तेच. थोडी क्रियापदे मध्ये वाकडी होतात. ‘करीन’ला ‘आरे’ म्हणतात, ‘सांगेन’ला ‘दिरे’. आणि ‘येईन’ला ‘बेन्द्रे’! बडोदेकरांना हे रूप पाठ करण्याची गरजच नाही. येथील विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत ज्यांनी चित्रकारांच्या पिढ्या घडविल्या त्या ना. श्री. बेंद्रे यांचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांना स्पॅनिशमधले ‘येईन’ आयतेच मिळाले.

हे प्रत्यय आले कोठून, ही कथा आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटली. ‘आब्लारे’ हे मुळात दोन शब्द होते: ‘आब्लार’ आणि ‘ए’. हा ‘ए’ म्हणजे ‘जवळ असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे रूप. ‘मला बोलायचे आहे’ यासारखीच ही जोडणी. बोलता बोलता ती एकजीव झाली. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोहोंच्या मध्ये सर्वनामही बसू शकत असे. आन्तोनियो दे नेब्रिखा यांचे कास्तीय भाषेचे व्याकरण १४९२ साली, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, छापून प्रसिद्ध झाले. त्यात या गृहस्थांनी भविष्यकाळाच्या रूपातील ही जोडणी ओळखून नोंदविलेली आहे. (देशी भाषांची व्याकरणे रचण्याची ही युरोपीय परंपरा पुढे गोव्यातही पोहोचली, ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण रायतूर येथे १६४० साली छापले गेले.) पुतणीस हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग आम्ही ‘मी जाणारे’ म्हणतो, ते तेच की!” आम्ही आजवर मुलांच्या निबंधांतील ‘जाणारे’खाली तांबड्या शाईने रेघ मारीत आलो. ‘जाणार’ आणि ‘आहे’ मिळून एक शब्द होत असताना आपण तो पाहत आहोत, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. रेघ आम्ही अजूनही मारतो. पूर्वीपेक्षा बारीक मारतो.

तर ‘बोय आ’ आणि ‘रे’ यांत फरक काय? इंग्रजीतही अशी दोन रूपे आहेत. परंतु आपल्या शाळांतून इंग्रजी अशा रीतीने शिकविले जाते की त्या दोहोंचा अर्थ एकच, अशी पुतणीची पक्की समजूत होती. फरक मातोश्रींनी सांगितला तोच. ‘बोय आ’मध्ये माणसाने पिशवी भरावयास घेतलेली असते. ‘रे’मध्ये वचन असेल, इच्छा असेल, भाकीत असेल, पण अंतर असते. आकाशात ढग दिसत असता ‘बा आ योबेर’. वर्तमानपत्रातील हवामानाच्या अंदाजात ‘योबेरा’. ‘येणार आहे’ आणि ‘येईन’.

याच रूपाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही. भविष्याचे रूप वापरून स्पॅनिश माणूस वर्तमानाविषयी तर्क करतो. ‘सेरान लास दिएस’: दहा वाजले असतील. ‘दोन्दे एस्तारा?’: कुठे असेल बरे? इंग्रजी पुस्तकाने या प्रकाराला एक अवघड नाव देऊन दीड पान खर्चिले होते. आम्ही एकच शब्द लिहिला, ‘असेल’, आणि पान उलटले.

जाणे आणि येणे यांत मात्र दोन्ही भाषांचे जमत नाही. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हणणे अशुभ. स्पॅनिश माणूस दारातून खुशाल ‘मे बोय’ म्हणतो, म्हणजे ‘जातो’. कोणी हाक मारली तर आपण ‘आले!’ म्हणतो, भूतकाळात, अजून जागचे हललोही नसताना. तेथे ‘या बोय’ म्हणावे लागते, पुन्हा ‘जाते’च. कारण त्यांच्या भाषेत ‘येणे’ हे बोलणारा असेल तेथेच होते. ऐकणाऱ्याकडे जावयाचे तर ते ‘जाणे’. पहिल्या आठवड्यात घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि पुतणीने मराठी मनाने ‘बेंगो’, येते, असे उत्तर दिले. बाई बाहेर येऊन तिच्याकडे पाहत राहिल्या. ही मुलगी कोठून कोठे येते आहे हे त्यांना कळेना.

‘पोहोचले की फोन करीन’ या वाक्यातील ‘पोहोचले’ला स्पॅनिशमध्ये भविष्यकाळ चालत नाही, एक निराळेच रूप लागते. त्याचा विचार पुढील अंकी करू. ते प्रकरण एका बैठकीत संपणारे नाही.

गणपती गेले त्या आठवड्यात पुतणीचा संदेश आला. आमच्या परीक्षेसाठी म्हणून तो स्पॅनिशमध्ये होता: ‘बोय आ इर’, एवढे तीनच शब्द, आणि पुढे दिवाळीच्या दोन दिवस आधीची तारीख. शब्दशः अर्थ ‘जाणार आहे’. आम्ही आतल्या खोलीत जाऊन मातोश्रींना सांगितले, “येणार आहे.”

“असंच म्हणाली? ‘येणार आहे’ म्हणाली?”

“असंच म्हणाली.”

त्यांनी चष्मा लावून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजले होते. “तिकडे आत्ता किती वाजले असतील रे?”

साडेतीन तास वजा करून आम्ही म्हटले, “साडेबारा वाजले असतील.”

“मग जेवायला बसली असेल,” मातोश्री म्हणाल्या. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन वाजून गेल्यावर होते, हे आम्ही त्यांना सांगितले नाही.